सासरची पहिली छिंगमिंग आणि बारा माणसांचं रुनबिंग

पत्र : मी मूळची साताऱ्याची, सध्या तैवानमध्ये शिन्चूला नोकरी करते. दहा महिन्यांपूर्वी इथल्याच मुलाशी लग्न झालं. सासरचे लोक मिन्नान, म्हणजे चीनच्या फूच्येन प्रांताच्या दक्षिण भागातून आलेल्यांचे वंशज. एप्रिलच्या सुरुवातीला छिंगमिंगला सगळं कुटुंब टेकडीवर पूर्वजांच्या कबरी साफ करायला जातं आणि दुपारी घरी येऊन एकत्र रुनबिंग, म्हणजे पातळ पोळीत भाज्या गुंडाळून केलेला पदार्थ, खातं. सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून यंदा जेवणाचं तू बघ, असं त्या म्हणाल्या. बारा माणसं, त्यांत चार मुलं. मी अंडं खाते, मांस-मासे नाही. एकदा मावससासूबाईंकडे मी रुनबिंग गुंडाळायला घेतलं तर पोळी फाटून सगळं ताटात सांडलं. तेव्हापासून धास्तीच आहे. कबरीपाशी काय करायचं, काय टाळायचं? शेजारचं हक्का (तिथला दुसरा चिनी समाज) कुटुंब महिनाभर आधीच जाऊन आलं, मग आमचा दिवस चुकतोय का? लसणीची चटणी टेबलावर ठेवली तर चालेल का? आणि शेवटचं : माझे वडील गेल्या दिवाळीत गेले. त्या दिवशी त्यांचा फोटो सासरच्या देव्हाऱ्यात ठेवावा असं मनात आहे. विचारू की नको?

उत्तर : ताई, फाटलेल्या पोळीपासूनच सुरुवात करू. सासूबाईंनी तुमच्यावर सोपवलेलं काम तेच आहे आणि त्यातली भीती एकदा गेली की बाकीचं आवाक्यात येतं.

रुनबिंगची पोळी फाटते ती भाजीच्या पाण्याने. हात नवखा असला तरी कोरडी भाजी पोळीत नीट बसते. ओली भाजी असेल तर मुरलेल्या बाईची पोळीही दोन मिनिटांत खालून विरघळते. म्हणून या जेवणात स्वयंपाक थोडा आणि निथळणं जास्त, हे धरून चला.

आधी पोळी. ती घरी करायच्या भानगडीत यंदा पडू नका. जास्त ग्लुटेनचा मैदा, मीठ आणि पाणी एवढंच त्यात असतं, पण पीठ इतकं सैल असतं की ते हातात सतत झुलवत ठेवावं लागतं. तो गोळा तापलेल्या सपाट तव्यावर क्षणभर टेकवून उचलतात आणि मागे जो पापुद्रा राहतो ती पोळी. तवा जास्त तापला तर पीठ चिकटतच नाही आणि पोळीला भोकं पडतात. कमी तापला तर ती जाड आणि चिवट होते. हे वर्षानुवर्षं बसणाऱ्या बाजारातल्या माणसांचं काम आहे. छिंगमिंगच्या आधीचे दोन-तीन दिवस त्यांच्यासमोर लांबच लांब रांगा लागतात, म्हणून आठवडाभर आधी सांगून ठेवा आणि त्या दिवशी पहाटे दिराला किंवा नवऱ्याला आणायला पाठवा. पोळ्या वजनावर मिळतात. तिथला एक चिन म्हणजे 600 ग्रॅम आणि त्यात जाडीनुसार साधारण 20 पोळ्या येतात. मोठ्यांना प्रत्येकी अडीच-तीन, मुलांना एक-दीड असा हिशेब धरला तर 28 गुंडाळ्या होतात. फाटण्यासाठी आणि ओल्या भाजीखाली दुहेरी घालण्यासाठी थोड्या जास्त लागतात. दोन चिन घ्या, कमी पडणार नाहीत.

पोळ्या घरी आल्या आल्या एक काम लगेच करा. गठ्ठ्यातली प्रत्येक पोळी कडेने सगळीकडून सुटी करून, थोडी फिरवून परत एकमेकींवर रचा. हे राहिलं तर दुपारी त्या एकमेकींना चिकटून बसतात आणि सोडवतानाच निम्म्या फाटतात. मग कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून वरून प्लास्टिकची पिशवी. ओलं फडकं नको, त्याने खालच्या चार-पाच पोळ्यांची लापशी होते. फ्रिजमध्येही नको, तिथे त्या कडक होतात आणि दुमडताना चिरतात. कडा सुकल्याच तर तीन-चार पोळ्या एका वेळी अर्धा मिनिट वाफेवर धरल्या की पुन्हा मऊ होतात.

आता आतल्या भाज्या. इथे सासूबाईंना एकच प्रश्न विचारा : सगळं एका कढईत शिजवता की वेगवेगळं परतता? तैवानच्या उत्तरेकडे बऱ्याच घरांत कोबी, गाजर वगैरे एकत्र मऊ शिजवतात. दक्षिणेला थायनानकडे प्रत्येक भाजी वेगळी आणि कोरडी परततात. किनमेन बेटावर आणि समोरच्या श्यामेनमध्ये सगळं एकत्र तासन्‌तास शिजवून त्यात कालवंही घालतात आणि वरून तळलेलं हिरवं समुद्री शेवाळ भुरभुरवतात. सिंगापूरच्या वाचकांना पोपिया म्हणून माहीत असलेला पदार्थ याच घराण्यातला. कोणती पद्धत बरोबर यावर वाद घालू नका. तुमच्या घरची जी असेल ती. त्यांनी ‘तुला जमेल तसं कर’ म्हटलं तर मात्र वेगवेगळं परता. पाणी हातात राहतं, शाकाहारी वाटा वेगळा काढावा लागत नाही आणि मुलांना नको ते वगळता येतं.

बारा जणांसाठी बाजारातून आणायचं ते असं : कोबी 2 किलो, गाजर अर्धा किलो, बोटभर लांब कोंबांचे पांढरे मूग 600 ग्रॅम, सुका टोफू 600 ग्रॅम, अंडी 8, बांबूचे उकडलेले कोंब अर्धा किलो, वाळलेली शिताके अळंबी 40 ग्रॅम, तिथली बारीक दांड्याची सेलरी 300 ग्रॅम, कोथिंबिरीच्या दोन जुड्या. बांबूचा ताजा कोंब घेतलात तर सालीसकट गार पाण्यात घालून निदान पाऊण तास उकडा. कच्चा कडू असतो आणि बाधतोही. मांस खाणाऱ्यांसाठी 400 ग्रॅम डुकराचं मांस सोया सॉसमध्ये परतून वेगळ्या थाळीत ठेवतात. ते काम दुसऱ्या कुणाकडे सोपवा आणि त्याचा झारा वेगळा ठेवा.

कोबीवर सगळं अवलंबून आहे. बारीक, लांब चिरा. चौकोनी तुकडे पोळीला आतून टोचतात. दोन किलो कोबी एका कढईत कोंबला तर तो परतला जात नाही, स्वतःच्याच पाण्यात उकडतो. अर्धा किलोचे चार घाणे करा, आच मोठी, झाकण नाही, मीठ शेवटच्या मिनिटाला. मिठाचं एकूण प्रमाण दोन सपाट चमचे, साधारण 12 ग्रॅम. मग रोळीत काढा, वर एक ताटली आणि तिच्यावर पाण्याने भरलेला डबा ठेवून पंधरा मिनिटं दाबा. निघालेलं पाणी टाकू नका. चवदार असतं, मुलांसाठी शेवया करायला उपयोगी पडतं.

मुगाचे कोंब उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट, लगेच उपसून मोठ्या ताटात पसरा. झाकलेत की संपले, आतल्या आत शिजून पाणी सोडत राहतात. टोफूच्या अर्ध्या सेंटिमीटरच्या पट्ट्या कडा तांबूस होईपर्यंत थोड्या तेलात परता, शेवटी दोन चमचे सोया सॉस. शिताके गार पाण्यात चार तास भिजवून, पिळून, बारीक चिरून गाजराबरोबर परता. अंड्यांत एक चमचा कॉर्नफ्लोअर दोन चमचे पाण्यात कालवून घाला, पातळ पोळ्या काढा, गार झाल्यावर वळकटी करून शेवयांसारख्या चिरा. कॉर्नफ्लोअरने पट्ट्या तुटत नाहीत. सेलरी फक्त मिनिटभर परतायची, तिचा करकरीतपणा हवा असतो.

आणि शेंगदाण्याचं कूट. इथे तुम्ही सगळ्यांच्या पुढे आहात. रुनबिंगमध्ये कूट चवीला तर असतंच, शिवाय ते भाजीचं उरलंसुरलं पाणी शोषून घेतं, म्हणून ते पोळीवर सगळ्यांत आधी पसरायचं. प्रत्येक गुंडाळीला चमचाभर, म्हणजे 10-12 ग्रॅम. पाव किलो दाणे आणि 80 ग्रॅम साखर पुरते. आपलं खिचडीचं कूट जाडसर आणि किंचित तेलकट असतं, ते इथे चालत नाही. दाणे मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं भाजा, सालं काढा आणि पूर्ण गार होऊ द्या. कोमट दाणे मिक्सरमध्ये घातले की तेल सुटून गोळा होतो. साखर दाण्यांबरोबरच घाला आणि मिक्सर दोन-दोन सेकंद थांबत थांबत फिरवा. मुठीत दाबलं तर गोळा व्हावा आणि बोटाने टिचकी मारली की सुटावा, इतपत कोरडं. बाजारात साखर घातलेलं तयार कूट मिळतं, पण दमट हवेत शेंगदाण्याला बुरशी लवकर धरते. दरवर्षी छिंगमिंगच्या सुमारास तिथली आरोग्य खाती कुटाचे नमुने अफ्लाटॉक्सिनसाठी तपासतात ती यामुळेच. घरी केलेलं बरं. मुलांपैकी कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, हे मात्र आधी विचारा. असेल तर त्याच्या गुंडाळ्या सगळ्यांत आधी करून बाजूला ठेवा. एकदा कूट टेबलावर आलं की ते सगळीकडे जातं.

तुमच्या ताटापुरतं बोलायचं तर धोका कोबीत असतो. बरीच घरं कोबी चरबीत परततात किंवा त्यात सुकी कोळंबी टाकतात, आणि तळलेल्या कांद्याची बरणीही चरबीतली असू शकते. ‘मांस नाही’ असं कुणी म्हणालं तर त्यात हे सगळं मोजलेलं नसतं. कढई तुमच्या हातात आहे, तेव्हा तेल तुमचं वापरा. तयार पाकिटं घेताना एक लक्षात ठेवा : तैवानात शाकाहारी म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकिटांवर कोणता शाकाहार ते लिहिलेलं असतं. ‘छ्वान-सू’ म्हणजे अंडं-दूध नाहीच, कांदा-लसूणही नाही. ‘तान-सू’ अंड्यासह. ‘वू-शिन-सू’वर कांदा-लसूण असतो, मांस नसतं. तुम्हाला तिन्ही चालतील.

यावरूनच चटणीचं. टेबलावर ठेवा, खुशाल ठेवा. सुकी लसूण-खोबऱ्याची असेल तर रुनबिंगमध्ये फारच छान लागते, आणि कोरडी असल्याने पोळीलाही त्रास नाही. फक्त वाटी वेगळी ठेवा आणि पूर्वजांपुढच्या ताटात तिला जागा देऊ नका. घरात आजेसासूबाईंसारखं कुणी त्या दिवशी कडक शाकाहार पाळत असेल तर लसूण वर्ज्य पाचांमधलीच. त्या जुन्या बौद्ध यादीत हिंगही आहे, तेव्हा अशा माणसाच्या वाट्याला हिंगाची फोडणी घालून काही करू नका.

वेळापत्रक उलटं मांडा, कारण तुम्हालाही टेकडीवर जायचं आहे. दोन दिवस आधी कूट. आदल्या संध्याकाळी चिरणं, टोफू, शिताके-गाजर, बांबू आणि कोबी, सगळं गार करून फ्रिजमध्ये. सकाळी निघण्याआधी पोळ्या सुट्या करून ठेवणं. परत आल्यावर मुगाचे कोंब, अंडी, सेलरी आणि बाकीच्याला गरम करणं, यात पाऊण तास जातो. सगळ्यांत जास्त घोळ इथेच होतो : आदल्या दिवशी नीट दाबलेला कोबी गरम करताना पुन्हा पाणी सोडतो. पसरट कढईत मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटं, आणि पुन्हा एकदा रोळी-डबा. हे दुसऱ्यांदा निथळणं लोक विसरतात. एप्रिलमध्ये शिन्चूची हवा उबदार असते, त्यामुळे शिजलेलं दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नका. टेबलावर थाळ्यांत चिमटे किंवा सामायिक चॉपस्टिक्स ठेवा. बारा जणांचे हात त्याच थाळ्यांत गेले की पोटं बिघडतात.

गुंडाळणं असं. पोळीची गुळगुळीत बाजू खाली. मधोमध नाही, तुमच्याकडच्या कडेपासून तिसऱ्या भागावर, हाताच्या पंजाएवढ्या लांबीचा कुटाचा पट्टा. त्यावर टोफू आणि अंडं. त्याच्यावर कोबी, गाजर, बांबू. चिमट्याने उचलून थाळीच्या कडेला एकदा दाबून मगच. कोंब, सेलरी, कोथिंबीर शेवटी आणि वरून आणखी चिमूटभर कूट. एकूण भाजी 120 ते 130 ग्रॅम, म्हणजे आपली एक भरलेली आमटीची वाटी. पहिल्या खेपेला याच्या पाऊणपटच घ्या. तुमच्याकडची कड भाजीवर उलटवा, बोटांनी आत दाबून घट्ट करा, मग डावी-उजवी कड आत आणि पुढे लोळवत न्या. शेवटची कड खाली ठेवून मिनिटभर थांबलात की ती आपोआप चिकटते. मग लगेच खायचं. तिथे गुंडाळ्या आधी करून रचून ठेवत नाहीत, प्रत्येकाने आपली करायची असते, त्यामुळे बारा जणांचं तुम्ही एकट्याने गुंडाळायचं नाहीये. मुलांच्या मात्र करून द्या, अर्ध्या पोळीच्या.

पण पहिल्या तीन गुंडाळ्या कुणाच्याच नसतात. त्या सुबक करून एका थाळीत घरच्या पूर्वजांच्या पाटीपुढे ठेवायच्या, सोबत चहाचे किंवा दारूचे छोटे पेले आणि चॉपस्टिक्स. चॉपस्टिक्स आडव्या, बाजूला. भातात किंवा कशातही उभ्या खोवायच्या नाहीत, तसं मर्तिकाच्या भाताला करतात. अगरबत्ती अर्धी जळेपर्यंत टेबलाला कुणी हात लावत नाही. नैवेद्य दाखवल्याशिवाय पान वाढायचं नाही ही सवय तुम्हाला आहेच. पूर्वजांपुढे मांस ठेवायची घरची रीत असेल तर ती तशीच राहू द्या. शाकाहाराचा आग्रह आपल्या ताटापुरता.

टेकडीवरचं थोडक्यात. पूर्ण बाह्या, बंद बूट, टोपी, डासांचं औषध. रंग साधे, लालभडक नको. आधी गवत काढणं, विळे-हातमोजे पुरुषांकडे असतातच, तुम्ही पाणी आणि पिशव्या न्या. शिळेवरची अक्षरं फिकी झाली असतील तर पुन्हा रंगवतात. मग कबरीवर कागद ठेवून त्यांवर खडे ठेवायचे. कबरीशेजारी एक छोटी शिळा असते, ती त्या जागेच्या भूमीदेवतेची, होऊथूची. अगरबत्ती आणि फळं आधी तिला, मग कबरीला. मानाचा हा क्रम चुकवू नका. किती अगरबत्त्या ते वडीलधारे हातात देतील तेवढ्याच. फळांत संत्री, सफरचंद, अननस चालतात. पेरू आणि टोमॅटो नेऊ नका, त्यांच्या बिया पोटातून तशाच बाहेर पडतात म्हणून ती फळं अर्पण करत नाहीत. उंचवट्यावर पाय द्यायचा नाही, दुसऱ्यांच्या कबरींचे फोटो काढायचे नाहीत, आणि ‘छिंगमिंगच्या शुभेच्छा’ असं कुणाला म्हणायचं नाही.

पूर्वजांचं जेवण झालं का, हे दोन नाण्यांनी विचारतात. एक छापा, एक काटा पडला की झालं. दोन्ही सारखे पडले की थांबायचं, पेले पुन्हा भरायचे आणि थोड्या वेळाने परत विचारायचं. पिंडाला कावळा शिवेपर्यंत ताटकळणाऱ्या घरातून आलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. होकार मिळाला की कागदी पैसे जाळतात. वारा असेल तर तिथून हलू नका. सुक्या गवतामुळे या दिवसांत टेकड्यांवर आगी लागतात. राखेवर पाणी ओतून, हाताने चाचपून मगच निघायचं. बऱ्याच ठिकाणी आता कागद जागेवर न जाळता पालिकेच्या भट्टीत देतात, त्याची चौकशी नवऱ्याला आधी करायला सांगा.

आणखी एक गोष्ट सासूबाईंना विचारून ठेवा. घरात नवी सून आली असेल, मुलगा झाला असेल किंवा कबर पहिल्या तीन वर्षांतली असेल तर जुन्या वळणाची घरं नुसता कागद ठेवून परत येत नाहीत. मोठा विधी करतात, पुए-बोंग म्हणतात त्याला. त्यात पदार्थ जास्त असतात, उकडलेली अंडी तिथेच सोलून टरफलं कबरीवर टाकतात. यंदा नवी सून तुम्हीच आहात, म्हणजे वेळ दुप्पट लागू शकतो आणि जेवण साडेबाराऐवजी दोनला होऊ शकतं. पोरांसाठी निघताना काहीतरी खायला बरोबर घ्या. लाल अझुकी बीन्सच्या गोड सारणाचे हिरवे तांदळाचे गोळे त्या दिवसांत सगळीकडे मिळतात. मात्र पिठात चरबी नाही ना, ते दुकानात विचारा. मुळ्याच्या किसाचं सारण असलेल्यांत सुकी कोळंबी हमखास असते.

दिवसाचं म्हणाल तर तुमचा चुकत नाही आणि शेजाऱ्यांचाही नाही. छिंगमिंग ही चांद्र तिथी नाही, संक्रांतीसारखी सूर्यावरची आहे, म्हणून ती 4 किंवा 5 एप्रिलला येते. 2026 आणि 2027 मध्ये 5 तारखेला, 2028 मध्ये 4 तारखेला. हक्का घरं पहिल्या चांद्र महिन्याच्या पौर्णिमेचा कंदिलांचा सण झाला की लगेच कबरींवर जायला लागतात. मिन्नान लोकांतही फूच्येनमधल्या च्वानचौकडून आलेली घराणी छिंगमिंग पाळतात आणि चांगचौकडून आलेली तिसऱ्या चांद्र महिन्याच्या तृतीयेला जातात. कबरीवर जायचा रिवाज तर थांग काळात 732 साली सम्राट श्वानचुंगने फर्मानाने मान्य केला, तोही छिंगमिंगला लागून येणाऱ्या हान्शी या दिवसासाठी. हान्शीला चूल पेटवत नसत, आदल्या दिवशीचं गार अन्न खात. रुनबिंग गार भाजीचं असलं तरी का चालतं, याचं उत्तर बहुतेक लोक याच दिवसाकडे बोट दाखवून देतात.

राहिला वडिलांचा फोटो. विचारू नका असं आम्ही म्हणणार नाही, पण ‘देव्हाऱ्यात ठेवू का’ असं विचारू नका. तिथल्या घरात पूर्वजांची जागा एका आडनावाची असते. दुसऱ्या आडनावाचे पूर्वज ठेवायचीच वेळ आली, उदाहरणार्थ मुलीच्या माहेरी कुणीच उरलं नाही तर, मध्ये पडदी घालून किंवा वेगळ्या बाजूला त्यांची सोय करतात, आणि तो निर्णय साऱ्या घराचा असतो. तुम्ही प्रेमापोटी विचाराल, सासूबाई नाही म्हणतील, आणि त्यात वडिलांचा अपमान झाला असं तुम्हाला वाटेल. तसं काही नसतं. त्याऐवजी नवऱ्यामार्फत असं विचारा : आमच्या खोलीत एका टेबलावर वडिलांचा फोटो ठेवून, घरची पूजा झाल्यावर त्यांच्यापुढे एक ताट ठेवलं तर चालेल ना? याला नकार येण्याचं कारण दिसत नाही. वडिलांना जाऊन वर्ष झालेलं नाही हेही त्याच वेळी सांगा. सुतकाच्या पहिल्या वर्षात कुठे जावं, कुठे जाऊ नये याबाबत तिथल्या घराघरांत वेगवेगळं मानतात, आणि हे त्यांना टेकडीच्या पायथ्याशी कळण्यापेक्षा आठ दिवस आधी कळलेलं बरं. कुणी ‘तू यंदा वर येऊ नकोस’ म्हणालं तर वाद न घालता घरी थांबा. पोळ्या सुट्या करायला आणि कोबी निथळायला तेवढाच निवांत वेळ मिळेल. वडिलांचं वर्षश्राद्ध आणि पुढे पितृपक्षातलं तुमच्या माहेरच्या तिथीनेच होऊ द्या. छिंगमिंगला त्याची जागा घ्यायला लावू नका.

उरलेल्याचं काय करायचं तेही सांगून ठेवतो. पोळ्या आणि भाजी वेगवेगळी ठेवली तर भाजी फ्रिजमध्ये एक दिवस टिकते. गुंडाळलेलं उरलं असेल तर ते तसंच ठेवलं की सकाळपर्यंत लिबलिबीत होतं. त्याच संध्याकाळी तव्यावर दोन चमचे तेलात, दुमडलेली कड खाली घालून, मंद आचेवर चारही बाजूंनी खरपूस करा. कुटातली साखर लवकर करपते, म्हणून फाटलेल्या गुंडाळ्या यासाठी घेऊ नका. त्यांतली भाजी भातात परता.